या उन्हाळ्यात मुलांना एक गळका ट्रेलर द्या



पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

फेब्रुवारी उजाडला की आपल्या ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. समर कॅम्प कुठला चांगला? कोडिंगचा घ्यावा की रोबोटिक्सचा? नववीत जाणाऱ्या मुलीसाठी गणिताचा क्लास कुठे आहे? आणि त्याच्याच खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, "मुलं आता मराठीत उत्तरच देत नाहीत हो, काय करावं?"

या सगळ्यांना मिळून माझं एकच उत्तर आहे आणि ते वाचून तुम्ही हसणार आहात. पन्नास वर्षांचा एक जुना, गळका ट्रेलर विकत घ्या आणि मुलांना बरोबर घेऊन दुरुस्त करा.

हसून झालं? आता ऐका.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. गाडीच्या मागे जोडून ओढायचं जे चाकांवरचं छोटं घर असतं, त्याला भारतात आणि इंग्लंडात कॅरव्हॅन म्हणतात. एटोबिकोत शेजाऱ्याला "आम्ही कॅरव्हॅन घेतली" म्हणालात तर त्याच्या डोळ्यांसमोर डॉजची मिनीव्हॅन येईल. इथला शब्द ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणून मीही ट्रेलरच म्हणते. आणि शोरूममधल्या टीव्ही-मायक्रोवेव्हवाल्या चकचकीत ट्रेलरबद्दल मी बोलत नाहीये. त्यात मुलांना करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मी बोलतेय ते १९७०च्या दशकातल्या तेरा फुटी, अंड्याच्या आकाराच्या फायबरग्लास ट्रेलरबद्दल. हायवे ४०० वरून उत्तरेला जाताना तुम्ही एखादा तरी पाहिला असेल.

या ट्रेलरची गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. विनिपेगमध्ये रे ओलेको नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी आधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी तयार केली होती. त्यावरून त्यांना सुचलं की याच पद्धतीने कॅम्पिंगचा ट्रेलर केला तर तो इतका हलका होईल की छोट्या गाडीलाही ओढता येईल. १९६८ मध्ये तो बाजारात आला. आकार इंग्रजांच्या गोल बोलर हॅटसारखा, म्हणून नाव बोलर. बनवायची रीत आपल्या करंजीसारखी: साच्यातून वरचं कवच वेगळं काढायचं, खालचं वेगळं काढायचं आणि मधोमध कड जुळवून बंद करायचं. त्या जोडावरची पट्टी अजूनही कमरपट्ट्यासारखी दिसते. तर मुलं ज्यात झोपणार आहेत त्या खोलीचा पूर्वज सेप्टिक टँक आहे. हे कळल्यावर आमचा धाकटा पाच मिनिटं लोळून हसत होता.

बोलर १९८८ पर्यंत बनत होते. इकडे आपल्या ऑन्टारियोत, प्रांताच्या फुलाचं नाव घेतलेले ट्रिलियम ट्रेलरही १९७०च्या दशकात बनायचे. २०१८ मध्ये बोलरची पन्नाशी साजरी करायला लोक आपापले ट्रेलर ओढत विनिपेगला गेले. शेकडो ट्रेलर जमले होते. इतके टिकले कसे? एक तर फायबरग्लास कुजत नाही. आणि दुसरं, कुणीतरी दर काही वर्षांनी त्यांच्या खाली पाठीवर झोपून दुरुस्ती करत राहिलं.

आमचा ट्रेलर याच घराण्यातला. घेतला तेव्हा घरात पाच माणसं होती. मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सुपर व्हिसावर आलेले माझे सासरे. सासरे एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आपली एसटी कंपनीकडून नुसती चासी विकत घ्यायची आणि वरची बॉडी दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधायची. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली, तेव्हापासून लालपरीत बसून आपण सगळे मोठे झालो. पण ती बांधणारे हात कुणाचे, हे आपण कधी विचारलं नाही. माझ्या मुलांनाही आजोबा "बसच्या ऑफिसात होते" एवढंच ठाऊक होतं.

आता माझे मुद्दे.

पहिला मुद्दा भाषेचा.

मराठी शाळेबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथले शिक्षक स्वतःचा सुट्टीचा दिवस देतात. तिथे मुलांना अक्षरं मिळतात, सण मिळतात, शिवाजी महाराज मिळतात. पण घरी आपण मुलांशी जी मराठी बोलतो, तिच्यातली क्रियापदं एकदा मोजून बघा. ऊठ. आवर. जेव. अभ्यास कर. फोन ठेव. झोप. सगळ्या आज्ञा आणि सगळ्या मुलाच्या मनाविरुद्ध. तेरा वर्षांच्या पोराला मराठी ही कटकटीची भाषा वाटली तर त्याचं काय चुकलं? मजेच्या, मैत्रीच्या, कामाच्या सगळ्या गोष्टी त्याच्या आयुष्यात इंग्रजीतून होतात.

ट्रेलरखाली झोपलेल्या दोन माणसांची मराठी ऐका. धर. सोड. अजून आवळ. बास बास, आटे जातील. जरा सैल कर. तिरका जातोय. वायसर घातलंस का? इथेही आज्ञाच आहेत, पण त्या दोन्ही बाजूंनी जातात. नातही आजोबांना सांगते, कारण पाना तिच्या हातात आहे.

तू आणि तुम्हीचा घोळ तुमच्याकडेही असेल. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, त्यामुळे आमची मुलगी आजोबांना बिनधास्त "आजोबा, तू हे घे" म्हणायची. किती वेळा सांगितलं, काही फरक नाही. ट्रेलरखाली मात्र वेगळंच झालं. "धर" म्हटलं की बाबांनी धरायचं आणि "धरा" म्हटलं की आजोबांनी. दोघं शेजारी शेजारी झोपलेले, हातात जड एक्सल. चुकीचं रूप वापरलं की चुकीचा माणूस हलतो! व्याकरण असं चार दिवसांत पक्कं झालं. आदर म्हणजे काय हे तिला त्यातून कळलं की नाही, ते मला ठाऊक नाही, पण "धरा आजोबा" हे आता तिच्या तोंडी बसलंय.

गळती शोधायचा खेळ तर प्रत्येक मराठी शाळेने अभ्यासक्रमात घ्यावा असा आहे. एक जण बाहेर बागेचा पाइप घेऊन, दुसरा आत टॉर्च घेऊन. पाणी खालून वर नेत जायचं, खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग छत. एकदम वरून मारलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळतच नाही. आतला ओरडतो, "नाही आलं, वर जा! डावीकडे! अजून! आलं आलं, थांब!" वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, कडेला, सांध्यात, फटीत. दिशा सांगणारे शब्द वहीत लिहून किती मुलांना येतात? इथे एका संध्याकाळीत येतात, कारण ते चुकले तर आतल्याच्या डोक्यावर पाणी पडतं.

आणि शब्दांचं भांडार! पाना, पक्कड, कानस, छिन्नी, गुण्या, ओळंबा, पाचर. "लांबी भर" म्हटल्यावर मुलीने विचारलं, लांबी म्हणजे लेंग्थ ना, ती कशी भरायची? तेव्हा कळलं की पुट्टीलाही आपल्याकडे लांबी म्हणतात. तुमच्यापैकी किती जणांना हे शब्द आठवतात? आपण निघून आलो तेव्हा हे शब्द तिकडेच राहिले. ते सांगणारी पिढी आता सत्तरीपुढे आहे आणि आपल्याकडे सहा-सहा महिने येऊन सोफ्यावर बसून कंटाळते. सुपर व्हिसावर आईबाबांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यांना आपण काय काम देतो? भाजी निवडणं आणि नातवंडांना बसस्टॉपवर सोडणं. ज्यांना काहीतरी बांधता येतं, शिवता येतं, जोडता येतं, त्यांना ते करायला द्या ना.

उलट्या दिशेनेही भाषा वाहते. मॅन्युअल इंग्रजीत, व्हिडिओ कॅनेडियन उच्चारांत. सासरे विचारायचे, "बाळा, हा काय म्हणतोय?" आणि अकरा वर्षांच्या मुलाला ते मराठीत समजावून सांगावं लागायचं. अडखळत, मध्ये इंग्रजी घालत, पण सांगायचा. कारण त्याच्यावाचून काम अडलं होतं. आपल्यावाचून काम अडतंय, ही भावना आपण आपल्या मुलांना एरवी कधी देतो?

दुसरा मुद्दा हातांचा. हा काही जणांना टोचेल.

आपल्यातले बहुतेक जण डिग्रीच्या जोरावर इथे आलो. अभियंते खूप, पण पाना धरलेले थोडे. आपल्या घरांत लहानपणापासून हेच शिकवलं गेलं की डोक्याचं काम वरचं आणि हाताचं खालचं. सुतार मागच्या दाराने यायचा, प्लंबरला वेगळ्या कपात चहा मिळायचा. यामागे जातीची उतरंड होती, हे आता तरी मोकळेपणाने म्हणूया. कॅनडात येऊन आपण पुष्कळ काही सोडलं, पण हे सामानात बांधून आणलं. मुलगा म्हणाला की मला वेल्डर व्हायचंय, तर आपल्यापैकी किती जणांच्या घरी त्या रात्री शांतपणे जेवण होईल?

इथली व्यवस्था मात्र पुढे निघाली आहे. ऑन्टारियोत सप्टेंबर २०२४ पासून नववीत गेलेल्या प्रत्येक मुलाला हायस्कूलचा डिप्लोमा मिळवायला नववी किंवा दहावीत टेक्नॉलॉजिकल एज्युकेशनचं एक क्रेडिट घ्यावंच लागतं. बांधकाम, वाहनदुरुस्ती, उत्पादन, संगणक असे त्यात पर्याय असतात. आपल्यातले पालक लगेच विचारतात की सोपं कुठलं, टक्के कशात पडतील. मी म्हणते, निदान एकदा मुलाच्या हाताला ग्रीस लागू द्या आणि मग त्याला ठरवू द्या.

आमच्या मुलीने आजोबांना बेअरिंग भरताना पाहिलं. जुनं ग्रीस धुऊन काढायचं, रोलर एकेक करून बघायचे, कुठे निळसर झालाय का, खड्डा पडलाय का. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, वरून ग्रीस बाहेर येईपर्यंत. नवीन सील बसवायचं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं म्हणजे बेअरिंग नीट बसतं, मग नट सैल सोडून पुन्हा नुसत्या बोटांनी लावायचा आणि पिन घालायची. हे सगळं करताना ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या चाकाचं तिने केलं, ते नुसते बघत बसले. त्या रात्री तिने विचारलं, "आजोबांनी अशा किती बस केल्या असतील?" चौदा वर्षांत पहिल्यांदा तिला आजोबांच्या कामाबद्दल प्रश्न पडला. कुठल्या समर कॅम्पात हे मिळतं, सांगा.

आणि मुलींबद्दल एक सांगते. अशा कामात आपण नकळत मुलाच्या हातात ड्रिल देतो आणि मुलीच्या हातात पडद्याचं कापड. तसं करू नका. आयांनो, तुम्हीही खाली झोपा. पडदे नवऱ्याला शिवू दे.

आता कामाचं बोलू. कुणी खरंच मनावर घेतलं तर क्रम महत्त्वाचा आहे. सासऱ्यांचं एक वाक्य आमच्या गॅरेजमध्ये लिहून लावलंय: आधी चासी, मग बॉडी, मग रंग. लोक नेमकं उलटं करतात. आधी गोंडस रंग, परीकथेतले दिवे, फोटो. आणि खालून चासी गंजलेली.

चासी. विकत घ्यायच्या आधीच खाली झोपून टॉर्चने बघा. वरवरचा तांबूस गंज घासून जातो. पापुद्रे सुटत असतील तर हातोडीने ठोकून बघा, आवाज बद्द आला किंवा हातोडी रुतली तर विचार करा. पुढचा दांडा जिथे मुख्य चौकटीला मिळतो तिथे आणि दाराच्या खाली तडा आहे का ते खास बघा. वेल्डिंग घरी नको. क्वीन्सवेच्या आसपास आणि रेक्सडेलच्या औद्योगिक भागात छोटी वर्कशॉप आहेत, तिथे करून घ्या आणि मुलांना बघायला न्या, डोळ्यांना संरक्षण लावून.

एक्सल. या ट्रेलरांत बहुधा पाटे नसतात. चौकोनी नळीत रबर असतं आणि तेच धक्के झेलतं. पन्नास वर्षांत रबर दगड होतं. ते दुरुस्त होत नाही, एक्सल बदलावा लागतो. हा सगळ्यात मोठा खर्च धरून चाला.

टायर. नक्षी छान दिसली तरी भुलू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. पार्किंग लॉटमधल्या सगळ्या गाड्यांचे टायर वाचायचा खेळ मुलांना लावून द्या. ट्रेलरचे टायर पाच-सहा वर्षांनी बदलावेत, चालले कमी असले तरी.

पाणी. कवच कुजत नसलं तरी तळाची प्लायवूड कुजते. पेचकसाचं टोक कोपऱ्यांत टोचून बघा. खिडक्यांची रबरं, छतावरची झडप आणि रिव्हेटांची भोकं ही गळतीची नेहमीची ठिकाणं. खिडकी काढून साफ करून ब्युटाइल टेपने परत बसवा. सिलिकॉन फासू नका, त्यावर पुढे काहीच चिकटत नाही आणि खरवडून काढताना जीव जातो.

फायबरग्लास. तडे, भोकं भरायला काचेची चटई आणि रेझिन लागतं. गारठ्यात रेझिन नीट घट्ट होत नाही, म्हणून हे काम मे ते सप्टेंबर. रेझिन कालवणं आणि लावणं हे मोठ्यांचं काम, वाफेचा मास्क आणि हातमोजे घालून, उघड्यावर. घासताना उडणारी धूळ घशाला आणि कातडीला वाईट, म्हणून पाणी लावून घासा. जुन्या रंगात शिसं आहे का ते आधी तपासा.

वीज. मागच्या दिव्यांची चार तारांची जोडणी मुलांना खुशाल करू द्या, बारा व्होल्टचं काम आहे. पांढरी तार अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा सिग्नल आणि ब्रेक, हिरवी उजवा सिग्नल आणि ब्रेक. घरच्या १२० व्होल्टच्या वायरिंगला मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियन.

गॅस. इथे जुगाड नाही म्हणजे नाही. जुनी शेगडी, जुना फ्रिज, जुना हीटर, जुने पाइप, कशालाही स्वतः हात लावू नका. ऑन्टारियोत प्रोपेनचं काम परवानाधारक गॅस टेक्निशियननेच करायचं असतं. आम्ही जुनं सगळं काढून टाकलं आणि बाहेर टेबलावर शेगडी लावून स्वयंपाक करतो. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि छोटा अग्निशामक हे रंगाच्या आधी विकत घ्या.

कागद आणि कायदा. ट्रेलरला स्वतःचं परमिट आणि नंबरप्लेट लागते, सर्व्हिसऑन्टारियोत मिळते. घेताना विक्रेत्याच्या परमिटवरचा व्हीआयएन ट्रेलरवरच्या नंबराशी जुळतोय का ते बघा. एकूण वजन १,३६० किलो किंवा जास्त असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे. तेरा फुटी ट्रेलर मोकळा असताना साधारण अर्ध्या टनाच्या आसपास असतो, पण तुमची गाडी किती ओढू शकते ते तिच्या मॅन्युअलमध्ये वाचा, अंदाजाने जाऊ नका. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही, हा कायदा आहे. मुलं "फक्त कोपऱ्यापर्यंत" म्हणून हट्ट करतील, तरी नाही.

सामान भरताना वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढे हुकवर यायला हवा. मागे जास्त भरलंत तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. सासऱ्यांनी हे मुलांना बैलगाडीवरून समजावलं. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की गाडी धुरजड, बैलांच्या मानेवर भार. आता आमच्याकडे ४२७ वर चढायच्या आधी धाकटा विचारतो, "उलाळ नाही ना?" या देशात हा शब्द वापरणारा अकरा वर्षांचा मुलगा बहुधा तो एकटाच असेल.

आता तुमच्या हरकती. मला माहीत आहेत, कारण सगळ्या ऐकून झाल्या आहेत.

"आम्ही काँडोत राहतो, ठेवायचा कुठे?" खरी अडचण आहे. यावर उपाय म्हणजे भागीदारी. एटोबिकोत युद्धानंतर बांधलेले बंगले पुष्कळ आहेत, लांब ड्राइव्हवे आणि मागे गॅरेज असलेले. आपल्यातल्याच कुणाकडे तरी जागा असते. तीन कुटुंबं मिळून एक ट्रेलर घ्या. मात्र कुठल्याही ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करायला शहराचे नियम आहेत, म्हणून आधी ३११ ला फोन करून तुमच्या पत्त्यासाठी विचारा आणि शेजाऱ्यालाही सांगा.

"खर्च?" माझा हिशेब सरळ आहे. जितक्याला ट्रेलर मिळेल, तितकेच आणखी पैसे एक्सल, टायर आणि वेल्डिंगला बाजूला ठेवा. ते जमत नसेल तर घेऊ नका. आणि किजिजीवर "थोडंसं काम बाकी" असं लिहिलेलं दिसलं की ते थोडंसं नसतं, हे गृहीत धरा.

"वेळ कुठाय?" तुम्ही शनिवारी सकाळी मुलांना तीन क्लासेसना सोडता आणि गाडीत बसून फोन बघता. तोच वेळ.

"मुलं कंटाळतील." कंटाळतील. आमचीही कंटाळली. जुलैतले दोन आठवडे ट्रेलर ताडपत्रीखाली तसाच पडून होता. जबरदस्ती केली असती तर तोही एक क्लास झाला असता. आम्ही मोठे शांतपणे काम करत राहिलो आणि एक दिवस मुलगा आपणहून विचारायला आला, खिडकी कधी बसवायची म्हणून.

"आम्हाला यातलं काहीच येत नाही." हे तर सगळ्यात उत्तम. मुलांनी आपल्याला सतत जाणकाराच्या भूमिकेत पाहिलंय. गणित येतं, इमिग्रेशनचे फॉर्म येतात, टॅक्स येतो. न येणारी गोष्ट समोर आली की मोठा माणूस काय करतो, हे त्यांना कुठे बघायला मिळतं? चिडतो का, विचारतो का, पुन्हा करून बघतो का? बघू दे त्यांना.

"आणि पूर्ण झालाच नाही तर?" तर अर्धा दुरुस्त झालेला ट्रेलर विकून टाका, घेणारे असतात. तोवर मुलगी बेअरिंग भरायला शिकलेली असते आणि आजोबांना नातवंडांशी बोलायला विषय मिळालेला असतो. ते कुणी परत मागत नाही.

एक गोष्ट मात्र मनात ठेवा. तेरा वर्षांच्या मुलाचे घरातले उन्हाळे मोजले तर पाच उरलेत. पंधराच्या मुलीचे तीन. नंतर वॉटर्लू, मॅकमास्टर, रेसिडेन्स, इंटर्नशिप. आणि आपले आईबाबा दर फेरीला विमानतळावर थोडे जास्त थकलेले दिसतात. तीन पिढ्या एका जागी असण्याचा काळ फार लांबीचा नसतो. त्यातले किती शनिवार आपण प्लाझाच्या पार्किंग लॉटमध्ये घालवणार आहोत?

तर मंडळी, ऑन्टारियो पार्क्सचं बुकिंग पाच महिने आधी सकाळी उघडतं. जुलैतली जागा हवी असेल तर फेब्रुवारीतच गजर लावा. पहिल्या फेरीला लांब जाऊ नका. ब्रॉन्टी क्रीक आहे, किंवा अगदी आपल्या दारात, क्लेअरव्हिल जलाशयाकाठचं कॅम्पग्राउंड आहे. काही विसरलं तर अर्ध्या तासात घरून आणता येतं.

तुमचं मत कमेंटमध्ये लिहा. विरोधात असलं तर जरूर लिहा. ज्यांच्याकडे ड्राइव्हवे आहे पण ट्रेलर नाही आणि ज्यांना ट्रेलर हवाय पण ड्राइव्हवे नाही, त्यांनी दोघांनीही लिहा, गाठ घालून देते. ज्यांचे आईबाबा एप्रिलमध्ये येणार आहेत त्यांनी आजच फोन करून विचारा, तुम्हाला हातांनी काय काय येतं? उत्तर ऐकून चकित व्हाल.

आणि पाने, पक्कड, जॅक, ग्रीस सगळं आमच्या गॅरेजमध्ये आहे. हवं तेव्हा घेऊन जा. परत आणून द्या म्हणजे झालं.